मिलिसेकंदांचा मालक कोण?

पडद्यावर एक वर्तुळ उमटतं. त्याच्याभोवती दुसरं, मोठं वर्तुळ आकसत येतं आणि दोन्हींच्या कडा जुळतात त्या क्षणी, गाण्याच्या ठोक्यावर, कळ दाबायची. पुढचं वर्तुळ दुसऱ्याच कोपऱ्यात उमटलेलं असतं. तिथवर कर्सर न्यायचा आणि पुन्हा तेच. ‘ओसू!’ हा खेळ मुळात एवढाच आहे. डीन हर्बर्ट या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने तो सप्टेंबर २००७ मध्ये लोकांपुढे ठेवला. मूळ कल्पना निन्टेन्डो डीएसवरच्या एका जपानी खेळाची. त्यात स्टायलसने पडद्यावर टिचक्या माराव्या लागत. हर्बर्टच्या खेळात स्टायलसची जागा माउसने घेतली आणि टिचक्या मारायला कीबोर्डवरच्या झेड आणि एक्स या दोन कळा आल्या. खेळ फुकट होता, आजही आहे.

पोरखेळ वाटतो खरा, पण याची शिस्त फार कडक. अचूकतेची पातळी ८ असेल, तर ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे ३२ मिलिसेकंदांच्या आत कळ दाबली तरच पूर्ण ३०० गुण मिळतात. ७६ मिलिसेकंदांपर्यंत १००, १२० पर्यंत ५०, त्यापुढे काही नाही. पातळी १० केली की ३०० गुणांची फट २० मिलिसेकंदांवर येते. पापणी लवायला याच्या कित्येक पट वेळ लागतो. मिनिटाला १८० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर ३३३ मिलिसेकंद असतं. त्याचे चार भाग करून प्रत्येक भागावर एक नोट ठेवली (खेळणारे याला स्ट्रीम म्हणतात) की दर ८३ मिलिसेकंदांनी एक कळ दाबावी लागते. सेकंदाला बारा, दोन बोटांत वाटून. सरावाने बोटांना हे जमतं, हजारोंना जमलंय. पण बोटाने वेळ साधली, तरी संगणकाला ती कधी कळली हा वेगळा प्रश्न आहे. पीसीवरच्या रिदम गेमचं निम्मं सुख आणि जवळजवळ सगळं दुःख या प्रश्नात आहे.

हा प्रकार जन्मला तेव्हा तो प्रश्न खेळणाऱ्याचा नव्हता. १९९६ मध्ये प्लेस्टेशनवर ‘पॅरॅपा द रॅपर’ आला, १९९७ च्या अखेरीस कोनामीने जपानच्या आर्केडमध्ये ‘बीटमॅनिया’ आणला: पाच कळा, एक फिरती तबकडी, समोर वरून खाली घसरणाऱ्या पट्ट्या. पुढच्याच वर्षी पायांनी खेळायचा ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’. कळा, पडदा, स्पीकर, आतला प्रोग्रॅम, सगळं एकाच कंपनीच्या हातचं. कुठल्या भागाला किती उशीर होतो ते कारखान्यातच मोजून, जुळवून यंत्र बाहेर पडे. नाणं टाकणाऱ्याला ‘विलंब’ नावाची भानगड आहे हेसुद्धा ठाऊक नसायचं. गंमत म्हणजे आजच्या बऱ्याच आर्केड यंत्रांच्या पोटात विंडोजवर चालणारा पीसीच असतो. म्हणजे पीसी हे काही मुळात मंद जनावर नाही. आर्केडमध्ये त्याला एक धनी असतो आणि घरी तो पोरका असतो, इतकंच.

घरच्या टेबलावर कीबोर्ड एकाचा, मॉनिटर दुसऱ्याचा, ऑपरेटिंग सिस्टीम तिसऱ्याची, आवाजाची चिप आणि तिचा ड्रायव्हर चौथ्याचा, हेडफोन पाचव्याचा. प्रत्येकाने आपल्यापुरता थोडा उशीर राखून ठेवलेला असतो, आणि प्रत्येकाच्या दृष्टीने तो नगण्यच असतो. एक्सेलमध्ये आकडे भरणाऱ्याला दहा मिलिसेकंदांनी काय फरक पडणार? बेरीज मात्र कोणीच करत नाही. ती खेळणाऱ्याच्या वाट्याला येते.

कळीपासून सुरुवात करू. साधा यूएसबी कीबोर्ड आपली खबर सेकंदाला १२५ वेळा देतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा. कळ नेमकी खबर जाण्याआधी दाबली तर उशीर शून्याजवळ, खबर गेल्या-गेल्या दाबली तर जवळपास आठ. शिवाय धातूचे संपर्क जुळताना सूक्ष्म थरथरतात. एका दाबाचे दोन समजले जाऊ नयेत म्हणून कीबोर्ड काही मिलिसेकंद थांबून खात्री करून घेतो. त्यानंतर खेळाची पाळी. काही खेळ चित्राची चौकट बदलताना, आणि तेव्हाच, कळांकडे बघतात. सेकंदाला ६० चौकटी असतील तर हा वायदा १६.७ मिलिसेकंदांचा झाला. अचूकतेच्या निम्म्या फटीचा चट्टामट्टा इथेच.

मॉनिटरची तऱ्हा आणखी वेगळी. ६० हर्ट्झचा पडदा चित्र एकदम लावत नाही. वरच्या ओळीपासून खालपर्यंत रंगवत जातो आणि त्यात जवळपास पूर्ण चौकटीचा वेळ घालवतो. वरून पट्ट्या घसरणाऱ्या खेळांत निर्णयाची रेघ पडद्याच्या तळाशी असते, म्हणजे सगळ्यात शेवटी रंगते तिथे. १४४ हर्ट्झवर हा वेळ ७ मिलिसेकंदांच्या खाली येतो, २४० वर ४ च्या आसपास. जास्त हर्ट्झचे मॉनिटर बंदुकांच्या खेळांसाठी विकले जातात, पण खरा उपयोग कुठे कळतो म्हणाल तर इथे. कोनामीनेही २०१९ च्या ‘लायटनिंग मॉडेल’ या बीटमॅनिया यंत्रात १२० हर्ट्झचा पडदा बसवला.

आणि आवाज. संगणक आवाज थेंबाथेंबाने सोडत नाही, आधी साठवतो आणि मग ओततो. सेकंदाला ४८,००० नमुने असतील आणि साठवण ५१२ नमुन्यांची असेल तर १०.७ मिलिसेकंद तिथेच गेले. १,०२४ ची असेल तर २१. विंडोज नेहमीच्या रीतीने सगळ्या प्रोग्रॅमांचे आवाज एकत्र कालवून पुढे पाठवते, त्याचा वेळ निराळा. हे कालवण टाळून एकाच प्रोग्रॅमला साउंड कार्ड देऊन टाकण्याची सोय व्हिस्टापासून विंडोजमध्ये आहे. संगीतकारांच्या कामासाठी स्टाइनबर्ग कंपनीने त्याही आधी ‘एएसआयओ’ नावाचा जवळचा रस्ता काढला होता. गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी बांधलेला हा रस्ता आज कितीतरी रिदम गेमवाले वापरतात.

ब्लूटूथ हेडफोनबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण आज घरोघरी तेच असतात. आवाज दाबून, पुड्या बांधून, हवेतून पाठवून, पलीकडे उलगडून कानात पडेपर्यंत सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद जातात. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण खेळवणारा प्रोग्रॅम चित्रही तेवढंच मागे ठेवू शकतो.

इथे वाचक म्हणेल, मग खेळानेही मागे ठेवावं की! ठेवतोच. त्याला ऑफसेट म्हणतात. सेटिंगमध्ये एक आकडा असतो. आवाज ४० मिलिसेकंद उशिरा येतो असं ठरलं की खेळ आपलं सगळं वेळापत्रक ४० ने सरकवतो. बहुतेकांची समजूत अशी की हा आकडा सापडला की दुखणं संपलं. तसं होत नाही, आणि का होत नाही हे या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्रशास्त्र आहे.

गाणं पुढे काय वाजणार हे खेळाला आधीच माहीत असतं. म्हणून गाण्याचा उशीर भरून काढता येतो. पण तुम्ही कळ दाबल्यावर जो ‘टक्’ वाजतो, तो कधी वाजवायचा हे तुम्ही दाबेपर्यंत कोणालाच माहीत नसतं. दाबलं, मग आवाज निघाला, मग साठवणीतून वाट काढत कानात आला. हा उशीर कुठल्याही आकड्याने पुसता येत नाही. ब्लूटूथवर २०० मिलिसेकंदांचा ऑफसेट लावून गाणं आणि चित्र अगदी जुळवलं, तरी १८० च्या स्ट्रीममध्ये तुमच्या पहिल्या नोटेचा ‘टक्’ तुम्ही तिसरी नोट दाबून झाल्यावर ऐकू येईल. कान बोटाला सतत चुकीची साक्ष देत राहतो. बीटमॅनियाच्या घराण्यातल्या खेळांत तर हे आणखी जाचक, कारण तिथे कळ दाबल्यावर गाण्यातलाच सूर वाजतो; गाणं तुमच्या बोटांतून निघत असतं. म्हणून जाणते खेळाडू एक तर तारेचा हेडफोन लावतात किंवा कळांचे आवाज बंद करून टाकतात.

ऑफसेटची दुसरी मर्यादा अशी की तो कायमच्या उशिराला चालतो, लहरी उशिराला नाही. रोज ३० मिलिसेकंद उशिरा येणाऱ्या माणसाची सवय करून घेता येते. कधी ५, कधी ४५ असं येणाऱ्याची नाही. कीबोर्डचे ते शून्य ते आठ, चौकटीमुळे होणारे शून्य ते सोळा, मध्येच जागं होऊन डिस्क खरवडणारं एखादं अपडेट, बॅटरीवर गेल्यावर आपोआप सुस्तावणारा लॅपटॉप, हे सगळे लहरी उशीर. खेळाडू “आज हात चालत नाही” म्हणतो तेव्हा दर वेळी दोष हाताचा असतोच असं नाही. अर्थात दर वेळी यंत्राचाही नसतो. ही पळवाट फार सोयीची आहे आणि खेळणाऱ्यांमध्ये भलतीच लोकप्रिय आहे.

त्यात माणूस स्वतःही थोडा बेशिस्त. ठरावीक अंतराने वाजणाऱ्या टिकटिकीबरोबर बोट आपटायला सांगितलं तर बहुतेक लोक ठोक्याच्या किंचित आधी आपटतात, आणि आपण बरोबर वेळेवरच आहोत अशी त्यांची खात्री असते. मानसशास्त्रज्ञांना हे शंभरहून जास्त वर्षं ठाऊक आहे. ही घाई काही दशक मिलिसेकंदांची असू शकते. गाणं-वाजवणं शिकलेल्यांमध्ये ती कमी आढळते. त्यामुळे ‘ठोक्यावर कळ दाबा, मी ऑफसेट काढतो’ असं म्हणणारी चाचणी पीसीचा उशीर आणि तुमची घाई यांची मिसळण मोजत असते. भावाने काढलेला आकडा बहिणीला चालेलच असं नाही, यंत्र तेच असलं तरी.

इतका जाच असताना लोक आर्केडचा किंवा कन्सोलचा रस्ता का धरत नाहीत? कारण ज्या पोरकेपणाने हा जाच आणला, त्यानेच कुणाची परवानगी लागू नये अशी मुभाही दिली.

जपानमध्ये १९९८ च्या सुमारास कुणी तरी बीटमॅनियासारख्या खेळाची गाणी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायची पद्धत काढली. तिचं नाव बीएमएस. कुठल्या क्षणी कुठली कळ आणि तिचा कुठला आवाज, एवढंच ओळींमध्ये नोंदवायचं. नोटपॅडमध्ये उघडता येईल इतकं सरळ. त्यातून हौशी संगीतकारांची आणि नोटा मांडणाऱ्यांची एक पिढीच उभी राहिली. पायांच्या खेळात ‘स्टेपमॅनिया’ने तेच केलं. हा मुक्त परवान्याचा पीसी प्रोग्रॅम इतका पक्का निघाला, की रॉक्सर नावाच्या अमेरिकन कंपनीने २००४ मध्ये त्याच्यावर ‘इन द ग्रूव्ह’ हा आर्केड खेळ बांधला. म्हणजे घरी बसून केलेली नक्कल खुद्द आर्केडमध्ये शिरली. कोनामीने २००५ मध्ये दावा ठोकला, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्या खेळाचे हक्क कोनामीकडे गेले. स्टेपमॅनिया मात्र कोणाच्या मालकीचा नव्हताच, त्यामुळे तो राहिला. त्याच्यावर नव्या पावलांच्या मांडण्या येत राहिल्या.

उलट उदाहरण कन्सोलचं. ‘गिटार हीरो लाइव्ह’ २०१५ मध्ये आला, आणि त्यातली बहुतांश गाणी कंपनीच्या सर्व्हरवरून वाजत. डिसेंबर २०१८ मध्ये सर्व्हर बंद झाला आणि डिस्कवरची ४२ गाणी तेवढी उरली. प्लॅस्टिकची गिटार खरेदी करणाऱ्याच्या हाती प्लॅस्टिकच राहिलं. पीसीवरची गाणी एका फोल्डरमध्ये असतात, पेनड्राइव्हवर जातात, दहा वर्षांनी नव्या यंत्रावर तशीच चालतात.

‘ओसू!’मध्ये नोटांच्या मांडणीला मॅप म्हणतात आणि ती करणाऱ्याला मॅपर. मला स्वतःला खेळापेक्षा हे काम जास्त रंजक वाटतं. मॅपर आधी गाण्याची गती शोधतो, आणि ती दशांशापर्यंत शोधावी लागते: १८० ऐवजी १८०.१ धरली तर तीन मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी नोटा १०० मिलिसेकंदांनी घसरलेल्या असतात. संगणकावर रचलेल्या गाण्यांची गती घट्ट असते म्हणून ती मॅप करायला सोपी. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये माणसं वाजवत होती. आपल्याकडची पन्नास-साठच्या दशकांतली चित्रपटगीतं घ्या: अख्खा वाद्यवृंद एकत्र बसून वाजवायचा, अंतऱ्याला गती नकळत वर सरकायची. असं गाणं मॅप करायचं तर दर काही मात्रांना वेळेची नवी खूण ठोकावी लागते; खेळाच्या संपादकात ती लाल रेघेने दिसते. एखाद्या नाट्यपदाचा मॅप उघडला तर लाल रेघांचं रान दिसेल. शिवाय एमपी३ बनवताना फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता आपोआप चिकटते, सुमारे २५ मिलिसेकंदांपर्यंत. म्हणून तेच गाणं दुसरीकडून आणून त्याच मॅपखाली ठेवलं की सगळं बिनसतं.

हे काम यंत्रावर सोपवायचा प्रयत्नही झाला आहे. २००८ च्या ‘ऑडिओसर्फ’मध्ये कुठलंही गाणं टाका, रस्ता आपोआप तयार. पहिल्यांदा पाहताना थक्क व्हायला होतं, पण थोड्या वेळाने कळतं की यंत्र आवाजाचे चढउतार मोजतंय, गाणं ऐकत नाहीये. चांगला मॅपर कडव्याच्या शेवटी मुद्दाम एक नोट गाळतो आणि त्या रिकाम्या जागेत तुम्हाला गायिकेचा श्वास ऐकू येतो.

मलेशियातल्या एका छोट्या चमूचा ‘रिदम डॉक्टर’ हा पीसीच्या मोकळेपणाचा आणखी एक पुरावा. एकच कळ, स्पेसबार. सातव्या ठोक्यावर दाबायची. त्याच्या एका टप्प्यात खेळाची खिडकीच डेस्कटॉपवर इकडून तिकडे नाचू लागते आणि तुमच्या आयकॉनांवरून फिरते. ही कल्पना ज्या यंत्रावर खिडक्या असतात तिथेच सुचते.

खेळाडूला मिळणारी माहितीही अशीच मोकळी. ‘ओसू!’ प्रत्येक दाब किती आधी-नंतर पडला ते पडद्याच्या तळाशी दाखवत राहतो आणि शेवटी अस्थिरतेचा एक आकडा हाती देतो. तो १०० असेल तर तुमचे दाब सरासरीभोवती १० मिलिसेकंदांच्या प्रमाण विचलनाने विखुरलेले आहेत. हे वाचता आलं की ऑफसेटचा घोळ आणि हाताचा घोळ वेगळे करता येतात: सगळे दाब एकाच बाजूला झुकलेले असतील तर आकडा चुकला आहे, दोन्ही बाजूंना पसरले असतील तर सराव कमी आहे. कुठल्याही वाद्याच्या शिक्षकाला हेवा वाटावा असं हे साधन आहे.

उपकरणांचंही तसंच. कोणी माउस सोडून चित्रकारांचा पेन-टॅब्लेट घेतला, कारण पेन टेकवला तिथेच कर्सर येतो, ढकलत न्यावा लागत नाही. मग लक्षात आलं की टॅब्लेटचे ड्रायव्हर रेषा गुळगुळीत यावी म्हणून हालचाल जरा मागे ठेवतात. चित्रकाराला ते हवंच असतं, खेळाडूला नको. तेव्हा मुक्त परवान्याचा वेगळा ड्रायव्हरच लिहिला गेला. चुंबकीय कळांचे कीबोर्ड, ज्यांत कळ किती खोल दाबली की मोजायची हे आपण ठरवतो, ते उचलून धरणाऱ्यांत ‘ओसू!’वाले आघाडीवर होते.

साध्या कीबोर्डचं एक वैगुण्य मात्र सात कळांच्या प्रकारात उघडं पडतं. तिथे एस, डी, एफ, स्पेस, जे, के, एल अशी बोटं ठेवायची असतात आणि चार-पाच कळा एकदम दाबायची वेळ येते. स्वस्त कीबोर्डच्या आत कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात. जाळीतल्या एका आयताचे तीन कोपरे एकदम दाबले की चौथाही दाबल्यासारखा भासतो. हे भूत टाळायला कीबोर्ड तिसरी कळच गिळून टाकतो. तुम्ही दाबली, बोटाला जाणवलं, खेळाच्या दप्तरी नोंद नाही. कुठल्या तीन कळा अडतील हे कंपनी-कंपनीनुसार बदलतं आणि खोक्यावर लिहिलेलं नसतं. प्रत्येक कळीला स्वतंत्र डायोड दिलेले कीबोर्ड यातून सुटतात, पण पैसे मोजावे लागतात.

किरकोळ उपद्रव विचारू नका. शिफ्ट पाच वेळा दाबली की विंडोज मदतीला धावून येते आणि ऐन कडव्यात चौकोन उघडून विचारते की स्टिकी कीज हव्यात का. ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र पडल्या की टायपिंगची भाषा बदलते. संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांना हे हमखास भोवतं, कारण काही खेळ कळ न वाचता अक्षर वाचतात आणि ‘डी’ची वाट बघत असताना त्यांना भलतंच काही मिळतं. जुन्या बीएमएस फाइलींची लिपीसंहिता जपानी, त्यामुळे आपल्याकडच्या विंडोजवर गाण्यांची नावं श्रीलिपीतला मजकूर फॉन्टविना उघडावा तशी दिसतात.

मोकळेपणाचे दोन हिशेब अजून पुरते मिटलेले नाहीत. लोकांनी मॅप केलेली बहुतेक गाणी इतरांच्या मालकीची असतात, ‘ओसू!’ने काही कलाकारांशी रीतसर करार करून त्यांची गाणी मॅपरना खुली केली आहेत, पण तो मोठ्या ढिगातला छोटा भाग आहे. आणि ज्या यंत्रावर काहीही चालवता येतं तिथे लबाडीही चालते. खेळाचा वेग गुपचूप मंदावून खेळायचा आणि नोंद पूर्ण वेगाची करायची, अशी साधनं बनली आणि पकडलीही गेली.

हे वाचून कोणाला आजच सुरुवात करायची असेल तर घरातला साधा लॅपटॉप पुरतो. तारेचा हेडफोन लावा, ब्लूटूथ बंद करा. खेळात चित्राची चौकट पडद्याशी बांधून ठेवणारा व्ही-सिंकचा पर्याय असेल तर तो काढा. चित्र कधी मधेच फाटेल, चालवून घ्या. स्टिकी कीज सेटिंगमधून कायमच्या बंद करा. पहिले काही दिवस ऑफसेटला हात लावू नका, दाब स्थिर झाल्यावरच त्यांचा कल बघा आणि मग आकडा बदला. महाग कीबोर्ड दोन बोटांच्या खेळाला लागत नाही. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा.